आपल्या जबाबदारीवर

‘आपल्या’ या शब्दाचे दोन अर्थ होतात, हे मला एका नारळाने शिकवलं. शाळेतही शिकवत असणार, पण तो धडा येईपर्यंत मी शाळा सोडलेली होती.

मी मूळचा जिंतूरकडचा. आठवीत दप्तर खुंटीला लावलं ते लावलंच. मग गवंड्याच्या हाताखाली राबलो, मग जिनिंगवर कापूस वाहिला, आणि मग गावातला एकजण ‘ठाण्याला चल, तुला कंपनीत लावतो’ म्हणाला, म्हणून बायको आणि एक बाज घेऊन कोलशेतला आलो. (बाज म्हणजे खाट. सासऱ्यांनी लग्नात दिलेली, सागवानी, ढोलासारखी ताणलेली नवारीची पट्टी. एसटीच्या टपावर टाकून आणली. कंडक्टरने बाजेचं तिकीट लावलं आणि बायकोला मात्र उभं केलं. हा हिशोब माझ्या बायकोने, सुमनने, अजून माझ्याच नावावर ठेवलेला आहे.) कंपनीने मला लावलं, आणि थोड्याच दिवसांत स्वतःला टाळं लावलं.

तेव्हा आम्हाला ठेवून घेतलं बायने. बाय म्हणजे हिराबाय, इथल्या जुन्या आगरी घरातली. तिच्या सासऱ्यांची खाडीकडेला भातशेती होती, मिठागर होतं. आता चहूबाजूंनी टॉवर उठलेत आणि त्यांच्या मधोमध बायचं बैठं घर, पाच-सहा माड आणि एक मोकळी जागा तेवढी उरलीय. टॉवरमध्ये ज्यांच्या गाड्या मावत नाहीत, ते लोक महिन्याच्या बोलीवर बायच्या जागेत गाड्या लावतात. मी एका सकाळी काम विचारत तिच्या दाराशी गेलो, तर तिने आधी मला जेवायला बसवलं आणि नंतर नाव विचारलं.

“उत्तम,” मी म्हणालो.

“त्या गाऱ्यांवर ध्यान ठेव उत्तम, नि कोपऱ्यातली खोली हाय तिच्यात ऱ्हावा दोगं. पैशांचं मंग बघू.” (बायच्या बोलीत ‘ड’ आणि ‘ढ’चा बऱ्याचदा ‘र’ होतो. गाऱ्या म्हणजे गाड्या.)

ते ‘मंग’ अजून उगवलेलं नाही. भाडं द्यायला गेलो की बाय म्हणते, “ठेव, तुनाच लागंल.” माझ्यासारख्या घाबरट माणसाला उपकाराचं ओझं फार होतं. भाडं भरणाऱ्याला एकच काळजी असते. फुकट राहणाऱ्याला सगळ्याच.

तर बोर्डाची गोष्ट. बायच्या पुतण्याने एकदा सांगितलं की एवढ्या गाड्या लावता, एखादा बोर्ड लावा, नाहीतर उद्या काही झालं तर लोक तुमची मानगूट धरतील. बोर्ड रंगवायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात सगळ्यांत जास्त शिकलेला मी होतो. (आठवी! यावरून घराची कल्पना यावी.) ठाण्याच्या भाजीमार्केटजवळच्या पार्किंगमध्ये असा एक बोर्ड होता, तो मी जसाच्या तसा उतरवला: ‘वाहने आपल्या जबाबदारीवर उभी करावीत.’

आता खरं सांगतो, तो मार्केटचा बोर्ड वाचून माझं मन दरवेळी भरून यायचं. केवढा मोठेपणा! कुठल्या कोण माणसाची गाडी, पण हे शहरातले लोक म्हणतात, लाव बाबा, जबाबदारी आपली. आमच्या गावाकडे ‘आपण’ म्हणजे तुम्ही आणि आम्ही मिळून. आपण जेवू, आपण जाऊ, आपलं शेत, आपली म्हैस. एकट्यादुकट्या माणसाला कोणी ‘आपण’ म्हणत नाही. तलाठी आला तरी त्याला फार तर ‘तुम्ही’ मिळतं.

बोर्ड लावल्यावर बाय कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. तिला वाचता येत नाही.

“काय लिवलंस?”

“लिहिलंय की गाड्या आपल्या जबाबदारीवर लावा.”

“बराबर,” बाय म्हणाली. “जागा आपली, मंग जबाबदारी काय शेजाऱ्याची?”

दोघांचंही एकमत झालं. आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

कारण जबाबदारी आपली म्हणजे बायची, आणि बायने ती टाकलेली माझ्यावर. गाडीवर कावळा बसला की मी हुसकायला धावायचो. पोरांनी क्रिकेटचा बॉल काढला की मी गाड्यांच्या पुढे आडवा उभा राहायचो, फिल्डर नसून भिंत असल्यासारखा. एका बाईंच्या गाडीच्या आरशावर मांजराने पंजा मारला, तर मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, “अहो, मांजर तुमचं आहे का?” मी म्हणालो, “नाही, पण आरसा आपला आहे.” त्या बाई नंतर बरेच दिवस गाडीच्या चाव्या माझ्याकडे ठेवायला कचरत होत्या.

या सगळ्यात मला सगळ्यांत जास्त भीती वाटायची ती सबनीस सरांच्या गाडीची. सबनीस सर शेजारच्या टॉवरमध्ये राहतात. मराठीचे शिक्षक होते, आता निवृत्त. टॉवरमधली त्यांची जागा मुलाच्या मोठ्या गाडीने घेतली, म्हणून त्यांची जुनी छोटी गाडी बायकडे आली. दर रविवारी सकाळी ते ती घेऊन कोपरला बहिणीकडे जेवायला जातात. उरलेला आठवडा गाडी उभी असते, आणि सर रोज संध्याकाळी येऊन तिची विचारपूस करून जातात. मी शाळा सोडलेला माणूस. कोणी शिक्षक दिसला की मला अजून गृहपाठ न केल्यासारखं होतं. त्यात सर गाडी लावणार बरोबर माडाखाली.

“सर, वर नारळ हायत.”

“सावली महत्त्वाची. उन्हाने रंग जातो.”

“पन नारळ पडला तर?”

“माडाला डोळे असतात म्हणतात, तो बघूनच नारळ टाकतो,” सर हसून म्हणाले आणि निघून गेले.

मी वर बघितलं. डोळेबिळे काही दिसले नाहीत. नारळ दिसले, चांगले पोसलेले.

नारळ उतरवणारा पांडू याच गावातला, पण लग्नसराई होती आणि तो हळदीच्या बँजो पथकात ताशा वाजवतो. फोन केला की मागे नुसता दणदणाट. “येतो रं, यो सीझन संपू दे.” आगऱ्यांच्या हळदीचा सीझन संपेपर्यंत नारळ वर दम धरून बसणार होते काय? मी आठवडाभर त्या माडाखाली येरझाऱ्या घातल्या. वारा सुटला की मान वर करून नारळ मोजायचो. शेवटी शनिवारी मला एक युक्ती सुचली. (माझ्या आयुष्यात जे काही वाईट झालंय, ते या वाक्याच्या पुढेच झालंय.)

मी खोलीतून बाज बाहेर काढली.

“कुठं न्यायलात ती?” सुमनने दारातूनच विचारलं.

“सरांच्या गाडीवर.”

“गाडीवर बाज?”

“गाडीवर नाही गं, गाडीच्या वर. दोन्ही बाजूंनी पिंपं लावतो, पिंपांवर बाजेचे पाय. काचेच्या बरोबर वर आडवी येती. नारळ पडला तर बाजंवर पडल, गाडी वाचल.”

“आन् आपण झोपायचं कुठं?”

“खाली. पाहुणे आल्यावर आपण खालीच झोपतो की.”

“गाडी पाहुनी हाय का?” सुमन म्हणाली. “माझ्या बापानं बाज मला दिली का त्या गाडीला?”

मी पिंपं लावायला घेतली. काम झाल्यावर जरा लांब जाऊन बघितलं. लग्नाच्या मांडवात नवरी बसावी तशी गाडी बसली होती. मला स्वतःचा अभिमान वाटला. त्या रात्री फरशीवर पाठ दुखली, पण झोप मात्र गाढ लागली.

रविवारी सकाळी बायच्या घरामागच्या सिमेंटच्या पत्र्याच्या रांधपात, म्हणजे स्वयंपाकघरात, कालवण चढलं होतं. बाजारातून बोंबील आलेले, वाटण करायचं, आणि घरात नारळ नाही. डोक्यावर माड आणि पांडू हळदीत, म्हणून बायचा पारा चढलेला.

“उत्तम,” तिने आतून हाक मारली, “एक नारल आन रं दुकानातून.”

“आणतो बाय,” म्हणून मी चपला शोधायला लागलो.

तेवढ्यात वर काहीतरी सुटल्याचा आवाज आला. मी बघतोय तोवर नारळ सरळ खाली आला आणि अगदी मी योजल्याप्रमाणे बाजेच्या मधोमध पडला. एक क्षणभर मला इतका आनंद झाला की मी मूठ वळली.

पण नवार किती ताणलेली होती हे मी हिशोबात धरलं नव्हतं. नारळ बाजेवर पडला, बाज खोल दबली, आणि तिने नारळाला परत पाठवून दिलं. वर नाही, तिरकं. माझ्या डोक्यावरून, वाळत घातलेल्या साड्यांवरून नारळ गेला आणि रांधपाच्या पत्र्यातून आत उतरला. धडाम.

आतून बायचा आवाज आला, “उत्तम, हातात द्याचा व्हता रं. असा कोन फेकतं?”

मी रांधपाकडे धावणार, तोच मागे करकर आवाज झाला. धक्क्याने एक पिंप कलंडलं होतं. बाजेचा एक पाय सुटला, बाज तिरकी झाली, जराशी थांबली (विचार करत असावी), आणि तिच्या सागवानी पायाने सरांच्या गाडीची पुढची काच अशी फोडली की पाय थेट स्टेअरिंगपाशी जाऊन बसला. सागवान मजबूत असतं, हे सासरे म्हणायचे ते खरं.

म्हणजे नारळाने गाडीला बोटही लावलं नव्हतं. गाडीचं जे नुकसान झालं ते सगळं माझ्या बंदोबस्ताने केलं. आणि रांधपाचा पत्रा वर फुकट.

बाय बाहेर आली. केसांत पत्र्याचा चुरा, हातात नारळ. तिला लागलं मात्र कुठे नव्हतं. त्याच वेळी फाटकातून सबनीस सर आले, कोपरला जायला निघालेले, इस्त्रीचा शर्ट, हातात बहिणीसाठी मिठाईचा बॉक्स. ते गाडीजवळ उभे राहिले. गाडीत बाज बसलेली बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. बाज तिथेच होती.

मी हात जोडून पुढे गेलो. डोळ्यांत पाणी. “सर,” मी म्हणालो, “जबाबदारी आपली आहे.”

“माझी?” सर म्हणाले.

“हो सर. आपलीच.”

“माझी कशी काय?”

“शंभर टक्के आपली, सर. मी कुठं नाही म्हणतो? बोर्डावर पण लिहिलेलं आहे.”

“अहो, बोर्डाचं काय सांगता? माझ्या गाडीत तुमची खाट शिरली आहे!”

“तेच म्हणतोय सर. जे काय असल ते आपणच भरायचं.”

सर माझ्याकडे बघत राहिले. आयुष्यभर वर्गात उद्धट पोरं बघितलेला माणूस, पण हात जोडून, रडत रडत उद्धटपणा करणारा त्यांनी पहिल्यांदाच बघितला असावा. “बरं,” ते अगदी हळू म्हणाले, “मग मला रीतसरच जावं लागेल.” आणि मिठाईचा बॉक्स घेऊन, फोन कानाला लावत, परत गेले.

‘रीतसर’ हा शब्द मला दोन्ही अर्थांनी कळला. रीतसर म्हणजे पोलीस, रीतसर म्हणजे कोर्ट. आणि रीतसर झालं की भुर्दंड कोणाला? जागा बायची, माड बायचा. ज्या बाईने मला दारातून आत घेतलं, जेवायला बसवलं, तिला माझ्या युक्तीपायी भरपाई द्यावी लागणार. मग ती मला काय म्हणून ठेवील? आणि तिने ठेवलं तरी मी कुठल्या तोंडाने राहू?

सुमनने खोलीत जाऊन कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या.

“काय करायलीस?”

“घड्या. निघायचंच आहे तर चुरगळलेले कशाला न्यायचे?” मग जरा थांबून म्हणाली, “बाज न्यायची का गाडीतच ऱ्हाऊ द्यायची?”

दुपारी बायने ताट पाठवलं. बोंबलाचं कालवण, त्याच नारळाच्या वाटणाचं. पत्र्याला भोक, वर निळं प्लास्टिक टाकलेलं, त्याच्याखाली बसून तिने ते रांधलं होतं. मी ताट बाजूला सरकवलं. सुमन म्हणाली, “खावा, आता काय फोडायचं राहिलंय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आले ते एका माणसाला घेऊन. काखेत बॅग, हातात मोबाईल, चेहरा रात्रीच्या पाळीवरून आल्यासारखा. मला वाटलं वकील. निघाला विमा कंपनीचा सर्व्हेअर. त्याने आधी गाडीचे फोटो काढले, मग बाजेचे, मग माडाचे, मग बोर्डाचा. बोर्डाचा फोटो काढल्यावर त्याचा चेहरा जरा उजळला.

“सोपं आहे,” तो सरांना म्हणाला. “बोर्ड लावलाय, आपल्या जबाबदारीवर. म्हणजे यांच्याकडून तुम्हाला काही मागता येणार नाही. तुमच्या पॉलिसीतूनच बघू.”

“नाही साहेब,” मी मध्ये पडलो. “मागता येतं. आपल्या म्हणजे आमच्या.”

“अहो, मी तुमच्या बाजूने बोलतोय.”

“तुमचा मोठेपणा आहे साहेब. पण बोर्ड मी रंगवलाय. मला माहिती आहे काय लिहिलंय ते.”

“मंग?” बाय पदर खोचून पुढे आली. “आमच्या घरातला मानूस बोरड लावतंय, तो काय दुसऱ्याची जबाबदारी लिवल? आपल्या म्हंजे आपल्या.”

सर्व्हेअरने सरांकडे बघितलं. सरांनी एकदा बोर्डाकडे बघितलं. मग त्यांनी मला विचारलं, “उत्तमराव, काल तुम्ही मला ‘जबाबदारी आपली’ म्हणालात, ते म्हणजे…?”

“आमची, सर. म्हणजे माझी. दुसऱ्या कोणाची असणार?”

सर बोर्डाखालच्या दगडावर बसले आणि हसायला लागले. इतके हसले की सुमनने आतून पाणी आणलं. पाणी पिऊन त्यांनी आम्हा सगळ्यांना तिथेच सर्वनाम शिकवलं: ‘आपण’ म्हणजे तुम्ही-आम्ही मिळून, आणि ‘आपण’ म्हणजे समोरच्याला आदराने तुम्ही. बोर्डावरचा आपण हा दुसरा. म्हणजे ज्याची गाडी त्याची जबाबदारी.

“म्हणजे मार्केटवाल्यांनी जबाबदारी घेतलेलीच नाही?” मी विचारलं.

“नाही. टाळली आहे. आदराने टाळली आहे.”

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी त्या बोर्डाला मनातल्या मनात नमस्कार करत होतो.

“माना पटत नाय,” बाय म्हणाली. “एवरं गोर लिवायचं नि अर्थ असा?”

सर्व्हेअर घड्याळ बघायला लागला. “ठीक आहे. मग कारण काय लिहू? नारळ नैसर्गिकरीत्या पडला. ॲक्ट ऑफ गॉड लिहितो.”

“म्हंजे काय?” बायने विचारलं.

“म्हणजे देवाने केलं. कोणाचाच दोष नाही.”

हे बोलायला नको होतं. कोलशेतमध्ये बसून, गावदेवीचं देऊळ हाकेच्या अंतरावर असताना!

“कनच्या देवानं?” बाय म्हणाली.

“तसं नाही हो, ते आमच्या भाषेत…”

“आमचे गावदेवीनं आजवर कोनाचा पत्रा फोरला नाय. मिठागर बुडालं तवा तिनं आमाना उचलून वर ठेवला. नि तू तिचे नावावर काच मांडतंस? खोड ते.”

“आजी, अजून लिहिलेलं नाही.”

“आजी कोनाला बोलतंस?”

मला वाटलं, आता विमा कंपनीवर देवीचा कोप होणार आणि तोही माझ्यामुळेच. मी घाईने म्हणालो, “साहेब, देवाचं नाव नका लिहू. माझं लिहा. बाज मी ठेवली.”

“गाडी मी माडाखाली लावली,” सर म्हणाले. “यांनी मला बजावलेलं असताना. माझं लिहा.”

“मार आमचा, नारल आमचा,” बाय म्हणाली. “आमचंच लिव.”

“पट्टी माझ्या बापानं ताणली होती,” दारातून सुमन म्हणाली. आता तीही मागे राहणार नव्हती.

सर्व्हेअरने मोबाईल खाली ठेवला. “मी इतकी वर्षं हे काम करतोय,” तो म्हणाला, “प्रत्येक ठिकाणी लोक मला सांगतात, आमची चूक नाही. तुम्ही लोक एक करा, आपसात ठरवा आणि मला एकच नाव द्या.” मग त्याने दमून बायकडे बघितलं. “बरं, हे उत्तम तुमचे कोण? नोकर असतील तर त्यांनी केलेल्याची जबाबदारी मालक म्हणून तुमच्यावर येते. भाडेकरू असतील तर त्यांची त्यांच्यावर. काय लिहू?”

इथे मात्र हसण्यासारखं काही उरलं नाही. बाय ‘भाडेकरू’ म्हणाली तर ती सुटत होती. आणि तेच व्हायला हवं होतं. तिला सुचण्याआधी मीच बोललो, “भाडेकरू, साहेब. भाडेकरूच लिहा.”

“कवा दिलंस भारं?” बाय माझ्याकडे वळली.

“बाय, तू घेत नाहीस.”

“मंग भारेकरू कसा?”

“मग नोकर लिहू?” सर्व्हेअरने विचारलं.

“नोकराला मी ताट वारून देतंय का? हा नोकर नाय.”

“मग कोण?”

बायने माझ्याकडे बघितलं, मग सुमनकडे. सुमनच्या हातात अजून घडी घातलेली साडी होती, आणि मला वाटतं बायने तिची ती घडी बरोबर ओळखली. “आमचा हाय,” ती म्हणाली.

“आमचा असा रकाना नाही हो.”

“मंग कार रकाना.”

सबनीस सर खाली बघत चष्मा पुसायला लागले. सुमन साडी घेऊन आत गेली, आणि आतून ट्रंक बंद झाल्याचा आवाज आला. कपडे परत आत गेल्याचा.

शेवटी सर्व्हेअरने स्वतःच्या डोक्याने लिहिलं: उभ्या गाडीवर वरून वस्तू पडून काच फुटली. कोणती वस्तू, कोणाची वस्तू, यात तो शिरला नाही. सरांची पॉलिसी अशा नुकसानीला चालते म्हणाला. आम्ही कोणाला काही देणं लागत नव्हतो. मी दोनदा विचारून खात्री केली. तिसऱ्यांदा विचारणार होतो, तर सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “पुरे आता. गाडी कुठे लावू ते सांगा. तुम्ही म्हणाल तिथे.”

बायने सगळ्यांना चहाला आत बोलावलं. सर्व्हेअर नको नको म्हणत होता, पण देवीचा अपमान करून चहासुद्धा न घेता जाण्याची त्याची हिंमत झाली नाही. सगळे रांधपात बसले. वर निळं प्लास्टिक फडफडत होतं.

“यो पत्रा बदलायला मानूस बघाय लागंल,” बाय म्हणाली.

“माणूस कशाला?” मी म्हणालो. मन इतकं भरून आलं होतं की काहीतरी केल्याशिवाय राहवेना. “मी आहे की. घरातला माणूस असताना बाहेरचा कशाला?”

“अहो, नका,” सुमन म्हणाली. तिला तो सूर ओळखीचा होता.

पण मी शिडी लावलीसुद्धा. वर चढलो, फुटलेल्या पत्र्याची कड बघितली, आणि नीट मोजमाप घ्यावं म्हणून एक पाऊल पुढे, शेजारच्या चांगल्या पत्र्यावर टाकलं. सिमेंटचा पत्रा फक्त दिसायला चांगला असतो. कडकन आवाज झाला आणि माझा उजवा पाय मांडीपर्यंत खाली गेला. उरलेला मी वरच अडकलो.

खाली कपबशीत चुरा पडल्याचा तेवढा बारीक आवाज आला. मग सर्व्हेअरचा आवाज, अगदी थकलेला:

“हा पाय कोणाचा?”

“आमचाच हाय,” बाय म्हणाली.

मी वरून पाय तेवढा हलवला, ओळख पटावी म्हणून.